तोंडावरचं बोट

ती. गुरुजींना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "हॅलो, हॅलो, आवाज नाही येऊन रायला" म्हणता आणि ठेवून देता. नेटवर्क बरोबर तेवढ्याच वेळी जातं, हे तीन वर्षांत माझ्या लक्षात आलंय. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याला कारण आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून दारव्हा, दिग्रस, नेर भागातून मला फोन येतात. पगार किती, थंडी किती, भाषेची परीक्षा कितपत अवघड, हे सगळे विचारतात. पोरांच्या शाळेचं मात्र फोन ठेवता ठेवता निघतं. मीही तसंच केलं होतं.

मी २०२१ मध्ये नर्स म्हणून जर्मनीला एकटी गेले. २०२२ च्या ऑगस्टात हे आणि पोरगा आले. पोरगा नऊ वर्षांचा, आपल्या जिल्हा परिषद शाळेतून तिसरी पास. तिसरी पास म्हणजे काय ते तुम्हीच जाणता. पहिलीच्या मार्चमध्ये कोरोनानं शाळेला कुलूप लागलं आणि पुढं बराच काळ त्याची शाळा म्हणजे तुमचा ओटा. निवृत्त झालेल्या माणसानं स्वस्थ बसावं, तर तुम्ही गल्लीतली सात-आठ पोरं लांब लांब बसवायचात आणि घराच्या दारावरच खडूनं लिहायचात. काकू दार पुसून पुसून थकल्या.

तिकडं त्याला पुन्हा तिसरीत बसवलं. घरी मोठी हाय खाल्ली सगळ्यांनी, जणू नापासच झाला. मला त्याचं फार वाटलं नाही, तिथं भाषा न येणाऱ्या पोरांसाठी तयारीचा वेगळा वर्गही असतो. मला खरा धक्का बसला तो पहिल्या गणिताच्या चाचणीनं. गणितात हा पुढं असेल अशी माझी खात्री. तिथली पोरं पाढे दहापर्यंत करतात, ह्याचे तुम्ही वीसपर्यंत घोटून घेतलेले. पेपर आला तो लाल रेघांनी भरलेला. पाहते तर घाबरून सगळे आकडे मराठीत लिहिलेले! आपला १ त्यांना त्यांच्या नऊसारखा दिसतो. अकराचे नव्व्याण्णव झाले होते. उत्तरं जवळपास सगळी बरोबर होती.

मग आकड्यांचे घोळ एकेक करून बाहेर आले. त्यांचा एक म्हणजे टोपी घातलेली काठी, आमच्या पोराला तो सात वाटायचा. सातला ते मधोमध आडवी रेघ मारतात. साडेतीन लिहायचे तर ३,५ आणि एक हजार लिहायचे तर १.०००, म्हणजे आपला स्वल्पविराम आणि टिंब यांची अदलाबदल. गुणपत्रिकेत १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट. हे मी गावात सांगायचं विसरले. पोराला चित्रकलेत २ मिळाले म्हणून मी आनंदानं फोन केला, तर आमचे मामंजी गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन? चित्रातबी दोनच?"

हे सगळं सुटण्यासारखं होतं. सुटत नव्हतं ते एकच. पोरगा वर्गात तोंड उघडत नव्हता.

तिकडं वर्गात बोलण्याला गुण असतात, गुरुजी. लेखी पेपर एकीकडे, आणि तासाला तुम्ही किती वेळा स्वतःहून बोललात, काय विचारलंत, हे दुसरीकडे. दोन्ही मिळून गुण ठरतात. आमचं लेकरू बाई समोर आल्या की मान खाली घालायचं. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. तिथं वाटलं, पोरगा काहीतरी लपवतोय किंवा त्याला समजतच नाहीये. पुढच्या फेब्रुवारीत मला भेटायला बोलावलं. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, पण सोबत बसलेल्या दुसऱ्या एका बाईंनी अगदी गोड आवाजात सुचवलं, की याची तपासणी करून घेऊ या, विशेष शाळेची गरज आहे का ते पाहू या. शाळेचं नाव लिहीत नाही. माझी जर्मन दवाखान्यापुरती. रक्तदाब, जखम, गोळ्या यावर मी तासभर बोलू शकते. माझ्या पोराची बाजू मांडायला शब्द सापडेनात. "हो, हो" म्हणून बाहेर पडले.

बसथांब्यावरून तुम्हाला फोन लावला. आमच्याकडे दुपारचे साडेतीन, तुमच्याकडे रात्रीचे आठ. तुम्ही जेवत होतात, मागं काकूंचा आवाज येत होता. मी रडत रडत काय सांगितलं ते मला आठवत नाही. तुम्ही विचारलेलं आठवतं.

"घरी बोलते का पोट्टं?"

"घरी डोकं खातो, गुरुजी."

"मंग मुकं नाही ते. वर्गात काहून नाही बोलत?"

मी बोलून गेले, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुम्हीच तर शिकवलंत."

पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तुम्ही म्हणालात, "बत्तीस वर्षं, माय. बत्तीस वर्षं मी पोट्ट्याईले हाताची घडी तोंडावर बोट म्हणत आलो." आणि थोडं थांबून, "उद्या त्याले फोनवर बसव. मीच ठेवाले लावलं होतं, मीच काढाले लावतो."

मी सांगते ते नीट वाचा, तिकडं जाऊ म्हणणाऱ्यांनी. गुरुजींनी त्याला जर्मन शिकवली नाही. शिकवणी लावा, अॅप घ्या, घरी जर्मनच बोला, असे सल्ले मला ढिगानं मिळाले होते. घरी मराठी बंद करा असंही एकानं सांगितलं, तेव्हा तुम्ही फोनवर एवढे चिडलात की काकूंनी तुम्हाला पाणी आणून दिलं. गुरुजींनी त्याला बोट वर करायला शिकवलं.

जर्मनीत पोरं हात वर करत नाहीत, पहिलं बोट वर करतात. तुम्ही हे ऐकलंत आणि खूश झालात. "मंग सोपं हाये. बोट तेच, फक्त जागा बदलाची." रोज तिकडचे तीन, तुमचे साडेसात. मार्चअखेर आमचं घड्याळ तासभर पुढं सरकलं की साडेसहा. घरात नीट आवाज येत नाही म्हणून तुम्ही मफलर गुंडाळून पाण्याच्या टाकीजवळच्या पारावर बसायचात. आणि तिथून, मुद्दाम, चुकीचा पाढा म्हणायचात. "सात नवे बासष्ट." पोरगा माझ्याकडे बघायचा. तुम्ही पुढं जायचात. पहिले तीन दिवस त्यानं काही केलं नाही. गुरुजी चुकतात, हे त्याच्या डोक्यात बसेना. चौथ्या दिवशी पुन्हा बासष्ट आलं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, त्याचं बोट आधी ओठांपाशी गेलं, तिथं थोडं घुटमळलं आणि वर गेलं.

"गुरुजी, त्रेसष्ट."

"जोरात."

"त्रेसष्ट!"

"आता हे त्याईच्या भाषेत."

"द्राय-उंट-झेख्त्सिश."

"म्हंजे?"

"तीन आणि साठ."

तुम्ही पारावरून उठून उभे राहिलात, कारण मला पडद्यावर फक्त तुमचा सदरा दिसत होता. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या सोबतीनं 'वीस एक' आलं आणि राज्यभर रणकंदन झालं, तेव्हा तुम्ही पारावर दोन्ही बाजूंनी भांडला होता, हे गावाला आठवतं. सोपं असेल तर पोरांना दोन्ही येऊ द्या, पण त्रेसष्टला हात लावू नका. आता जर्मन लोकही तीन आधी आणि साठ नंतर म्हणतात, हे कळल्यावर तुम्ही ते किती जणांना सांगितलंत त्याचा हिशेब नाही. "एकोणवाल्यांपासून फक्त सावध राहा," असंही बजावलंत. एकोणतीसला ते नऊ आणि वीस म्हणतात. आपल्यासारखं तिसातून एक काढत नाहीत.

तिथून तुम्हाला नाद लागला. खोटं सांगू नका, तो पोरापेक्षा तुम्हालाच जास्त होता. तो शाळेत शिकलेलं सांगायचा, तुम्ही त्याचं मराठीतलं भावंड शोधायचात. इंग्रजीला नाहीत पण जर्मनला तीन लिंगं आहेत, तो-ती-ते सारखी डेर-डी-दास. हिंदीवाल्यांना दोनच, तेव्हा आपण एक पाऊल पुढं. जर्मन झेड म्हणजे चमच्यातला च. चिमणीतला नव्हे, चमच्यातला. दहाला ते 'त्सेन' म्हणतात, त्याचा पहिला आवाज आपल्या जिभेला जन्मापासून माहीत. 'कारण' म्हटलं की पुढच्या वाक्यात क्रियापद शेवटी जाऊन बसतं, हेही आपल्याच वळणाचं. सूर्य तिकडं बाई आहे आणि मुलगी नपुंसकलिंगी, यावर तुम्ही दोघं इतके हसलात की माझी रात्रपाळीच्या आधीची झोप मोडली. पोराला पहिल्यांदा वाटलं असेल, की आपण रिकाम्या हातानं आलेलो नाही. हे माझं वाटणं. तो असलं काही बोलत नाही.

तुमचंही एकदा चुकलं, तेही लिहिते, नाहीतर तुम्हीच रागवाल. भागाकार तुम्ही आपल्या पद्धतीनं पक्का करून घेतलात, भाजक डावीकडे कंसाबाहेर, भागाकार उजवीकडे. तिकडं ८४ : ४ = २१ असं एका ओळीत लिहितात आणि मांडणी ८४ च्या खाली उतरत जाते. शिक्षिकेनं रीत चुकली म्हणून गुण कापले. पोरगा तुमच्यावर रुसला. तुम्ही त्याला फळ्याचा फोटो पाठवायला सांगितलात आणि पुढच्या दिवशी रेघी वहीत चाळीस भागाकार त्यांच्या पद्धतीनं सोडवून, त्याच्यापुढं तपासायला ठेवलेत. त्यानं तुम्हाला लाल पेनानं दोन चुका काढून दाखवल्या. ती वही अजून तुमच्या कपाटात आहे, काकूंनी दाखवली मला.

मधल्या काळात भाषेच्या वर्गातल्या शिक्षिकेनं मला समजावलं, की नव्या भाषेत पोरं काही महिने गप्पच राहतात, आत साठवत असतात. मैदानावरची भाषा वर्ष-दोन वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं लागतात. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकानं हे मांडलंय म्हणे. तुम्ही ऐकून म्हणालात, "बरं झालं सांगितलं, पण आपल्याले कापूस पेरून दुसऱ्या दिवशी वेचाले जात नाही एवढं माहीत हाये." तपासणीचा विषय त्या उन्हाळ्यात आपोआप मागं पडला. कोणी काढला नाही, मीही काढला नाही.

चौथीच्या शेवटी तिकडं पोराची वाट ठरते. दहाव्या वर्षी! कोण विद्यापीठाच्या वाटेच्या शाळेत, कोण मधल्या, कोण कामधंद्याच्या. वरच्या शाळेला तिथं गिम्नाझियुम म्हणतात, त्यामुळे गावात बातमी गेली की नातू तालमीत चाललाय. त्याची शिफारस मधल्या शाळेची आली, रेआलशूलंची. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गणितात पहिल्या चारात असलेलं पोरगं जर्मन निबंधामुळे मागं राहिलं. दहाव्या वर्षी असं वाटून टाकणं तुम्हाला पटलं नाही, मलाही अजून पटत नाही, आणि दहावीनंतर वर जायची वाट उघडी असते हे माहीत असूनही पटत नाही. पण तुम्ही त्या रात्री मला एवढंच विचारलंत, "बोट वर करते ना?" करतो, गुरुजी. आता शिक्षिका कधी कधी म्हणतात, जरा दुसऱ्यांनाही बोलू दे.

माझ्याबद्दलही एक सांगायचं राहिलं. माझ्या जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या तोंडी परीक्षेत समोरच्याशी वाद घालायचा असतो. पहिल्या खेपेला मी त्यात गुण घालवले, कारण समोरची बोलत असताना मध्ये कसं बोलायचं हेच मला कळेना. मीही तुमचीच विद्यार्थिनी. तेव्हा मी दोष माझ्या जर्मनला दिला होता.

यंदा ऑगस्टात आम्ही आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात. पऱ्हाटी कमरेला लागली होती, पोळ्याची तयारी चालली होती, आणि गल्लीतल्या लहान पोरांनी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल धुऊन तुमच्याच ओट्यावर वाळत ठेवले होते. तुम्ही त्या पोरांना ऐटीत सांगत होतात, की जर्मन भाषेत बैलाला 'दास ओक्सं' म्हणतात. आमचा बारा वर्षांचा घोडा खाली पायरीवर बसलेला. त्याचं बोट वर गेलं.

"डेर, गुरुजी. तो बैल."

तुम्ही चष्मा पुसलात, पोरांकडे वळून म्हणालात, "पाह्यलं? असं करत जा." आणि मग पाचही पोरांनी बोटं वर केली, कुणालाच काही विचारायचं नव्हतं तरी.

तिकडं पोरं शाळेत शाईच्या पेनानं लिहितात, हे ऐकून तुम्ही जे पेन मागून घेतलंत त्याच्या निळ्या शाईच्या नळ्या पाठवल्या आहेत. डब्यात दोन पाकिटं आहेत, काकूंच्या गुडघ्याचं मलम वेगळं बांधलंय. नळ्या संपल्या की कळवा. तेव्हा तरी नेटवर्क असू द्या.

तुमची,
चौथीत दाराजवळच्या पट्टीवर तोंडावर बोट ठेवून बसणारी