पेटीबाहेर ताटकळणाऱ्या आई-बापांच्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

बाळ घरी आल्यावर फोनवर तुमचे आभार मानले, पण नेमके कशाबद्दल, ते सांगायचं राहूनच गेलं. ते आता लिहितो, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेर आज कुणीतरी बसलेलं असेलच, आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं आधार देणारं माणूस भेटतंच असं नाही.

आमचं बाळ २९ आठवड्यांचं, वजन जेमतेम अकराशे ग्रॅम. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं की बाळ अपुऱ्या दिवसांचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फुप्फुसं उघडी राहण्यासाठी लागणारं सर्फॅक्टंट त्याच्यात पुरेसं तयार झालं नव्हतं, म्हणून ते बाहेरून दिलं आणि सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र, लावलं. डॉक्टरांनी हे नीट, सावकाश सांगितलं होतं. तरी दारातून बाहेर पडेपर्यंत त्यातलं निम्मं डोक्यातून निघून जायचं. पहिल्याच भेटीत तुम्ही हातात एक वही दिलीत. म्हणालात, "प्रश्न सुचला की लिहून ठेवा, राउंडच्या वेळी विचारा. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारायचं, बाकी काहीही मला." तुमचं स्वतःचं बाळही याच वॉर्डमधून घरी गेलेलं, अनुभवाच्या जोरावर तुम्हाला बरंच काही सांगता आलं असतं. ती रेष तुम्ही कधी ओलांडली नाहीत, म्हणून तुमच्या शब्दावर आमचा विश्वास बसला. "सगळं ठीक होईल" असंही तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. ते म्हणणारे पुष्कळ होते.

मॉनिटरचा अलार्म आधी तुम्ही आम्हाला समजावलात, मग तो वाजला. एवढ्या लहान बाळांच्या मेंदूत श्वासाचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसतं, मधेच काही क्षण श्वास थांबतो, त्यासाठी कॅफीन देतात, हे आधीच कानावर होतं. "आधी बाळाकडे बघा, मग आकड्याकडे," हे तुमचं वाक्य मी मनात घोकत राहिलो. सिस्टरने पाठीला हलकेच हात लावला, बाळाने श्वास घेतला. मी थरथरत होतो, पण पळून बाहेर गेलो नाही.

स्पर्शाचं तर काय सांगू! बाळाला कुरवाळावंसं वाटतं, पण त्या नाजूक कातडीला बोट फिरवलेलं सोसत नाही. सिस्टरच्या देखरेखीखाली तुम्ही मला दाखवलंत: एक हात डोक्याशी, दुसरा पावलांशी, दोन्ही उबदार आणि स्थिर. हलवायचे नाहीत, फक्त ठेवायचे. तोपर्यंत मी त्या खोलीत कागदांवर सह्या करणारा माणूस होतो. त्या दिवशी बाप झालो.

हिच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते आमच्या घरातल्या कुणालाही जमलं नसतं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढायचं. आणि सुरुवातीला येतात ते थेंब. ते बघून ती रडायची. तुम्ही शेजारी बसून सांगितलंत की हे थेंबसुद्धा बाळाच्या तोंडात आतून लावता येतात, या चिकाचं मोल मोठं असतं. दूध कमी पडलंच आणि डॉक्टरांनी दुसऱ्या आईचं, दूधपेढीतलं दूध सुचवलं, तर त्यात तुझी हार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि तिचं रडू आठवडे उलटले तरी थांबेना, तेव्हा "हे नुसतं थकणं नाही, डॉक्टरांशी बोलूया," असं म्हणून तिच्यासोबत गेलात. एनआयसीयूतल्या आयांना बाळंतपणानंतरचं नैराश्य जास्त गाठतं, हे मला तेव्हा कळलं. बापांनाही गाठतं. मला "तुम्ही कसे आहात?" विचारून उत्तरासाठी थांबलेल्या तुम्ही पहिल्याच.

कांगारू केअरसाठी, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, हिला ताप असल्याने मला बसायचं होतं, आणि मी मागेपुढे करत होतो. तुम्ही कोलंबियातल्या बोगोटाची गोष्ट सांगितलीत. १९७८ मध्ये तिथल्या रुग्णालयात पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आयांच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. नाइलाजातून निघालेली ती वाट आज जागतिक आरोग्य संघटना अपुऱ्या दिवसांच्या सगळ्याच बाळांसाठी सांगते: दिवसाला ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं. याच २०२२ च्या शिफारशींत बाळाच्या देखभालीत कुटुंबाला सामील करून घ्या, त्यांना आधार द्या, असंही म्हटलं आहे. ते वाक्य वाचताना मला तुम्ही दिसलात. बाळ छातीवर आलं, वर दुपटं आलं, आणि थोड्या वेळाने सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा जागेवर स्थिरावला. माझाही श्वास स्थिरावला.

आणखी एक लिहायलाच हवं. आमच्या शेजारच्या पेटीतलं बाळ गेलं, त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत. त्या दोघांसोबत होतात. बाळाला मनसोक्त मांडीवर घेता यावं, हातापायांचे ठसे घेता यावेत, यासाठी सिस्टरांशी बोललात, आणि पुढेही त्यांना फोन करत राहिलात. आधार म्हणजे घरी गेलेल्या बाळांच्या गोष्टी सांगणं, असं समजणारे आहेत. मला ते पटत नाही, आणि याचं कारण तुम्ही आहात.

नातेवाइकांच्या फोनांना एकाच माणसाने उत्तर द्यायचं, ही तुमची युक्ती घरात अजून चालू आहे. "एवढ्या महिन्यांचा झाला, अजून बसत नाही?" असं कुणी विचारलं, की आम्ही दुरुस्त वय सांगतो, म्हणजे बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं. दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजायचं, असं तुम्ही बजावलं होतंत. त्या हिशेबाने त्याचं सगळं वेळेवर चाललं आहे. रेटिनाची, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याची, तपासणी वेळच्या वेळी झाली, दोन्ही डोळे चांगले आहेत. ऐकण्याची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. झाली की कळवतो.

हिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. रिकामी वही परत द्यायची होती, पण ती भरली आहे, म्हणून दोन नव्या पाठवत आहोत. ज्यांना लागतील त्यांना द्या.

तुमचा,
एका बाळाचा बाबा