केसांच्या गोळीसोबत मराठीत चार ओळी द्या

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, नमस्कार.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. धाकट्या भावाला विचारूनच हे लिहितोय. त्याच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं आणि नेमके तेव्हाच केस विरळ व्हायला लागले. त्यानं औषध दुकानातून फिनास्टराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली नाही. सात महिने रोज एक गोळी.

हळूहळू त्याचं तालमीत जाणं सुटलं. रात्रभर जागा असायचा. मुलगी बघायला जायचं म्हटलं की अंगावर यायचा. आईला वाटलं, याचं बाहेर कुठं जमलंय. शेवटी एकदा रंकाळ्यावर बसलो असताना म्हणाला, "दादा, इच्छाच होईना झालीय. जगण्यातबी काय राम वाटंना." गोळीचा संबंध त्याच्या ध्यानीमनी नव्हता. आपल्यातच खोट आहे, असं धरून तो एकटा कुढत होता.

हे औषध टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डीएचटी हे दुसरं हार्मोन बनू देत नाही. डीएचटीमुळे केस गळतात, म्हणून त्याचा उपयोग होतो, आणि बहुतेकांना त्रासही होत नाही, हे मान्यच आहे. पण काहींची कामेच्छा जाते, ताठरता येत नाही, मन खचतं. गोळी थांबवल्यावरही काहींचा लैंगिक त्रास राहतो, ही नोंद अमेरिकेत 2012 मध्ये माहितीपत्रकात आली. ब्रिटनने 2024 मध्ये पाकिटात रुग्णासाठी इशाऱ्याचं कार्ड आणलं. 2025 मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेने आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. आमच्या पोराला मात्र कुणी अवाक्षर सांगितलं नाही.

हे औषध शेड्यूल एच या सरकारी यादीतलं आहे. चिठ्ठीशिवाय विकू नये, असं त्याच्या स्ट्रिपवर छापलेलं असतं, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. ही विक्री तपासणं तुमच्याच खात्याचं काम आहे. ती तपासा. पाकिटात मराठी कार्ड यावं म्हणून केंद्राकडे पाठपुरावा करा. तोवर निदान दुकानात दिसेल असा मराठी फलक लावायला सांगा आणि त्यावर दुष्परिणाम कळवायचा 1800-180-3024 हा नंबर टाका. भावासारखी पोरं घरात बोलत नाहीत, दवाखान्यात तर त्याहून नाही. फलक वाचायला कुणाशी बोलावं लागत नाही.

भावाने डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली. झोप परत आलीय, बाकीचं अजून पूर्ण सुधारलेलं नाही. लग्नाचा विषय आम्ही सध्या काढत नाही.

आपला,
एक थोरला भाऊ, कोल्हापूर