जोडधंद्याचा हिशेब वैरणीपासून मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'शेतीला जनावरांची जोड' या विषयावर आपल्या शेतीच्या पानावर नुकताच आलेला लेख वाचला. पीक बुडाले तरी दूध आणि शेळ्या घर चालवतात, म्हणून प्रत्येकाने जोडधंदा धरावाच, असा त्याचा सूर होता. मी स्वतः पीकही घेतो आणि जनावरेही सांभाळतो. मला हा सल्ला अर्धाच वाटला. अशा अर्ध्या सल्ल्यावर विसंबून कर्ज काढून गोठा बांधणारे लोक आहेत, म्हणून लिहावेसे वाटले.

दोन धंदे केल्याने जोखीम वाटली जाते, पण ते दोन्ही एकदम बुडत नसतील तरच. धान्याचा भाव पडला तर जोड नक्की कामी येते. तेच धान्य खुराकात घालता येते आणि दुधाचा पैसा रोजच्या रोज हातात पडतो. शेणखताने रासायनिक खताचा खर्च कमी होतो तो वेगळाच. पावसाने दगा दिला की मात्र चित्र पार बदलते. ज्या शेतातून दाणा येणार होता, त्याच शेतातून कडबाही येणार होता. तो गेला की जनावरांना विकतचा चारा घालावा लागतो, आणि नेमका तेव्हाच सगळे चारा शोधत असल्याने तो महागलेला असतो. म्हणजे पीक आणि गोठा यांना एकच पाऊस मारतो. लेखात याबद्दल एक ओळही नव्हती.

वैरणीचे आकडे नीट पाहावेत. चारशे किलो वजनाची दुभती गाय रोज आपल्या वजनाच्या सुमारे तीन टक्के, म्हणजे बारा किलोच्या आसपास कोरडा आहार खाते. वर्षाचे झाले जवळजवळ साडेचार टन, आणि चार गाईंचे साडेसतरा टन. इथेच पुष्कळांची फसगत होते, कारण हिरव्या चाऱ्याचे वजन भरपूर दिसते, पण त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. पन्नास किलोचा हिरवा भारा दावणीत टाकला तर गाईच्या पोटात कोरडा आहार जातो जेमतेम दहा-बारा किलो. दूध उत्पादनाच्या खर्चात चारा आणि खुराक यांचाच वाटा निम्म्याहून अधिक असतो. तेव्हा आपल्या रानातून वर्षातले किती महिने वैरण निघते, हे ठाऊक नसताना लिटरमागे नफा सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज आहे.

'अडचण आली तर जनावर विकता येते' हे वाक्य त्या लेखातही होते. अडचण एकट्याची असेल तर ते खरे आहे. दुष्काळात सगळेच विकायला निघतात, घेणारा चारा नसल्याने हात आखडतो, आणि बरगड्या दिसू लागलेल्या जनावराला तो आधी पाहतो तेच भाव पाडण्यासाठी. इथिओपियात 1973-74 च्या दुष्काळात पशुपालकांचे असेच हाल झाले. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की त्यांची जनावरे तर मेलीच, पण उरलेली विकून पूर्वीइतके धान्यही मिळेना. पुढे पाऊस झाला की सगळेच पुन्हा दावण भरू पाहतात आणि किमती चढतात. पडत्या भावात विकायचे आणि चढत्या भावात घ्यायचे, असा दुहेरी फटका बसतो. शिवाय पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. कालवड जन्मून दूध देऊ लागेपर्यंत अडीच-तीन वर्षे जातात.

म्हणून विकायचेच असेल तर लवकर विकावे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील मोठे पशुपालक एक तारीख आधीच ठरवून ठेवतात. त्या तारखेपर्यंत पुरेसा पाऊस झाला नाही, तर कळप कमी करायला सुरुवात होते. भाकड, म्हातारी, कमी दुधाची जनावरे अंगावर मांस असतानाच निघतात आणि शिल्लक वैरण चांगल्या गाभण जनावरांच्या वाट्याला येते. दोन-चार जनावरांच्या गोठ्यालाही हे जमण्यासारखे आहे. अवघड आहे ते मनाला. आशा धरून बसण्यात महिना जातो आणि तेवढ्यात गंजीही संपते.

विम्याबद्दलही लेखात मोघमच लिहिले होते. मंगोलियात 2006 पासून, तर केनियातील मार्साबित भागात 2010 पासून निर्देशांकावर आधारित पशुविमा आला. मंगोलियात त्या भागातील एकूण मृत्युदर पाहतात, केनियात उपग्रहातून दिसणारी गवताची स्थिती. प्रत्येक गोठ्यात पंचनामा करावा लागत नाही, त्यामुळे खर्च वाचतो आणि खोट्या दाव्यांना वाव राहत नाही. पण मोजमाप भागाचे असते आणि नुकसान आपले असते. परिसर हिरवा दिसला आणि आपलीच जनावरे दगावली, तर हाती काही येत नाही. केनियात पुढे जनावर मरण्याआधीच पैसे द्यायचे, म्हणजे त्यातून चारा घेऊन ते वाचवता येईल, अशी रचना झाली. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण मेलेल्या जनावराच्या भरपाईतून गमावलेली तीन वर्षे परत मिळत नाहीत.

साथीच्या रोगांचा धोका पावसाशी बांधलेला नाही. ब्रिटनमध्ये 2001 च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यासाठी लसीकरण आणि नवे जनावर काही दिवस वेगळे बांधणे, एवढे तरी प्रत्येकाने करावेच.

माझा जोडधंद्याला विरोध नाही, मी तोच करतो. आपल्याकडे एकच मागणे आहे. यशोगाथा छापताना त्या शेतकऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा: घरची वैरण किती महिने पुरते, घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरली आहे का, आणि सर्वांत वाईट वर्षी किती जनावरे कोणत्या भावाने विकावी लागली. उत्तरे नफ्याच्या आकड्याशेजारीच छापा, म्हणजे गोठ्यासाठी कर्जाचा अर्ज भरणाऱ्याला ती वेळेवर वाचता येतील.

आपला,
एक शेतकरी वाचक