थाई हॉटेलात ‘व्हेज’ म्हणून भागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून थायलंड-सिंगापूरच्या सहलींना आता पुष्कळ मंडळी जातात. त्यांत लिंगायत, जैन, माळकरी घरांतली माणसे बरीच असतात. सहलीच्या पत्रकावर ‘व्हेज जेवणाची सोय’ एवढीच ओळ असते. थाई हॉटेलात ती पुरत नाही.

थाई स्वयंपाकात मिठाचे काम बहुतेक ठिकाणी ‘नाम प्ला’ करते. छोटे समुद्री मासे मिठात कित्येक महिने मुरवून काढलेले हे पाणी. भाजीत, सूपमध्ये, सॅलडमध्ये ते पडते, पण डोळ्यांना दिसत नाही. ‘व्हेज’ म्हटल्यावर आचारी चिकन-मासळीचे तुकडे वगळतो. नाम प्ला तो वगळेलच असे नाही, कारण त्याच्या लेखी ते मीठच. यात फसवणूक काहीच नाही. आपणच नीट सांगितलेले नसते.

करीचे प्रकरण याहून अवघड. लाल, हिरवी किंवा मसामान करीचे वाटण मिरची, गवती चहाचे दांडे, आल्यासारखे गलांगल, लसूण आणि छोटे कांदे यांचे. त्यातच ‘कापी’, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा लगदा, कुटलेला असतो. हे वाटण आधीच तयार असते, पुष्कळदा विकतच्या डब्यातले. त्यामुळे टेबलावर बसून ‘कोळंबी नको’ सांगितले की वरची कोळंबी जाते, वाटणातली तशीच राहते. मसामानमध्ये बटाटा आणि शेंगदाणे दिसतात म्हणून आपली माणसे निर्धास्त होतात, पण वाटण तेच. टोफू-भाजीच्या परतणीत ऑयस्टर (शिंपल्यांचा) सॉस, कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’मध्ये सुकी कोळंबी, ‘तोम याम’ या आंबट-तिखट सूपच्या पाण्यात कोंबडीचा किंवा कोळंबीचा अर्क. सोम तामचा खलबत्ता सगळ्यांना एकच असतो, हेही लक्षात ठेवावे.

थायलंडमध्ये मागायचे ते ‘जे’ जेवण. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरे, ही त्याची खूण. यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसते, कांदा-लसूणही वर्ज्य. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर, मुळा, मशरूम यांचे वेगळे सांगावे, कारण ‘जे’मध्ये ते चालतात. ‘मांगसाविरात’ (साधे शाकाहारी) म्हटले तर अंडे-दूध येऊ शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, नऊ दिवस ‘जे’चा उत्सव असतो. त्या काळात फुकेत आणि बँकॉकमध्ये पिवळे झेंडे जागोजागी दिसतात. शाकाहारी माणसाला याहून सोयीचे दिवस नाहीत.

‘माय साय नाम प्ला’ म्हणजे नाम प्ला घालू नका. ‘माय साय कापी’, ‘माय साय खाय’ (अंडे नको) हेही तसेच. पण ही भाषा स्वरांवर चालते, आपला उच्चार समजेलच याची खात्री नाही. मुक्कामाच्या हॉटेलच्या काउंटरवरून ही वाक्ये थाई लिपीत लिहून घ्यावीत आणि कागद आचाऱ्यापर्यंत पोहोचवावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही त्याच कागदावर लिहावे, कारण पाद थाईवर (परतलेल्या नूडल्सवर) शेंगदाण्याचे कूट असतेच. कधी लंडनला गेलात, तर तिथल्या थाई हॉटेलात १४ ॲलर्जी-घटकांची माहिती मागता येते. त्यात मासे, कोळंबीवर्ग, शिंपल्यांचा वर्ग आणि अंडी हे रकाने बघावेत. चिकनच्या अर्काचा रकाना त्यात नाही, तो तोंडी विचारावा.

तिखटाबद्दल सांगायचे तर संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्यांनीही पहिल्या दिवशी ‘फेत नॉय’, म्हणजे कमी तिखट, असेच मागावे. तिथली बोटाच्या पेराएवढी मिरची कच्चीच कुटून घालतात, आणि हिरवी करी बहुधा लाल करीपेक्षा झणझणीत असते. तोंड पोळले तर पाणी पिऊन उपयोग नाही, तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही. भात खावा, नारळाच्या दुधातली ‘जे’ करी चालत असेल तर ती घ्यावी. चौघांत एक करी, एक परतलेली भाजी, एक सूप आणि प्रत्येकी भात पुरतो. पदार्थ मध्ये ठेवून एकेक चमचा आपल्या भातावर घ्यायचा. चमचा उजव्या हातात, काट्याने फक्त लोटायचे. चॉपस्टिक्स नूडल्सच्या वाडग्यापुरत्या. गवती चहाचे दांडे, गलांगलच्या चकत्या, लिंबाची पाने ताटात बाजूला काढावीत. टेबलावर वरून चवीला घ्यायच्या चार वाट्या असतात, त्यांपैकी पातळ तपकिरी पाण्याची, बहुधा मिरचीचे तुकडे तरंगणारी, वाटी नाम प्लाची असते. सोया सॉस समजून ती ओतू नये.

मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे असतील तर १० टक्के सेवा आकार आणि त्यावर ७ टक्के व्हॅट धरावा : १००० बाहतचे (थाई चलन) ११७७ होतात.

आपल्या भागातल्या सहल आयोजकांना विनंती आहे, की पत्रकावर ‘व्हेज’ऐवजी ‘जे’ असे स्पष्ट छापावे आणि हॉटेलला निदान आदल्या दिवशी कळवावे. कापीविना वाटण वेगळे कुटावे लागते, वेगळी कढई लागते. चाळीस माणसे दारात उभी राहिल्यावर आचारी ते करू शकत नाही.

आपला,
एक वाचक, संकेश्वर (ता. हुक्केरी, जि. बेळगाव)