बंड्यास, सोलापूरहून

सोलापूर,
२९ जून २०२५

प्रिय बंड्या,

सात महिने तुला एक ओळ नाही, दोष माझाच. गुडघा ठीक, अण्णांची शुगर आटोक्यात. आता ऐक बे.

९ जूनला होटगी रोडवरनं गोव्याचं विमान सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी आपली सोनू त्यात बसून गेली. मी कुंपणाबाहेर उभा होतो. विमानतळापायी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा आपण भांडून अबोला धरला होता, तरी त्या दिवशी तूच आठवलास. तीन दिवसांनी अहमदाबादला विमान कोसळलं. तेव्हापासून रात्री डोळा लागत नाही.

म्हणून आपलं २०१४ चं भांडण पुन्हा काढतोय. मलेशियाचं विमान २३९ माणसांसकट गायब झालं, तेव्हा पार्क चौकात मी ओरडलो होतो की हरवलेला मोबाईल सापडतो, मग विमान कसं सापडत नाही? शेवटचं भजं (माझ्या वाटचं!) तोंडात टाकत तू म्हणालास, "विमानात नवी वस्तू बसवायची तर आधी ती उष्णता, हादरे, वीज सगळ्यात टिकते का बघतात. शेजारच्या यंत्रणेत ढवळाढवळ करत नाही ना, तेही बघतात. वर्षं जातात."

ते मला आत्ता पटलं. गेल्या वर्षी दोन मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बसवलं, तर मोर उलटा विणला गेला. चाळीस चादरी वाया, नुकसान तेवढंच. तिकडं एकाच सेन्सरच्या भरवशावर नाक खाली दाबणाऱ्या नव्या यंत्रणेपायी बोइंगच्या मॅक्स जातीची दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. घाई नको, कबूल.

पण पारखून तयार असलेल्या वस्तूचं काय? टीकास, म्हणजे दुसरं विमान जवळ आलं की वैमानिकाला सावध करून धडक टाळणारं यंत्र, अमेरिकेत १९९३ संपता संपता मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं होतं. आपल्याकडं १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, मग सक्ती आली. समुद्रावरच्या विमानाचं ठिकाण दर १५ मिनिटांनी कळायला हवं, हा नियम लागू व्हायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला, म्हणजे मलेशियाच्या विमानानंतर साडेचार वर्षांच्या वर! विमान पंचवीस-तीस वर्षं चालतं, उभं ठेवलं की रोजची कमाई बुडते, हे तू हँगरात बघतोस. त्यात सगळ्या देशांनी मान डोलवायची. तोवर मधल्या वर्षांत जे बसले, त्यांच्या घरी काय सांगायचं? हेच २०१४ लाही विचारलं होतं, तेव्हा तू उत्तर न देता बिल द्यायला उठलास. आयुष्यात एकदाच दिलंस, म्हणून पक्कं लक्षात आहे.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? राहुलला दहावीबद्दल शाबासकी.

सोनू आषाढीच्या आत परत येतेय, विमानानंच. तिच्या एटीआरमध्ये, त्या पंख्याच्या छोट्या विमानात, टीकास धरून काय काय बसवलेलं असतं, ते सविस्तर लिही. फोनवर नको, कागदावर पाहिजे. रात्री आईही जागी असते, तिला वाचून दाखवायचंय.

तुझाच,
सुन्या