पाठीमागून येणारं ऊन

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फिलिपिन्सचा चित्रकार फर्नांडो अमोर्सोलो याच्या भातलावणीच्या चित्राची नक्कल करायला घेतलीस, त्याचा फोटो पाहिला. रेखाटन छान उतरलंय. ऊन मात्र पडलेलं नाही.

त्याच्या चित्रात सूर्य बहुधा माणसांच्या मागे असतो. डोक्यावरचं फडकं, खांदा, दंड यांच्या कडेला तेवढं ऊन लागतं, चेहरा सावलीत राहतो. तू बाईच्या सगळ्या अंगाभोवती सारख्या जाडीची पांढरी रेघ फिरवलीस, म्हणून ती कापून चिकटवल्यासारखी दिसते. ही कड वर रुंद, खाली येता येता बारीक आणि मधेच तुटलेली हवी. नुसता पांढरा थंड दिसतो, त्यात चिमूटभर पिवळा मिसळ. आणि कड सगळ्यात शेवटी, खालचा रंग सुकल्यावर, जाड रंगाने एकाच फटक्यात ओढ. ओल्या सावलीवर ओढलीस की दोन्ही रंग मिसळून राखाडी होतात.

दुसरी चूक सावलीतला काळा. शेतातल्या पाण्यावर पडलेलं ऊन परतून हनुवटीखाली, नाकाखाली येतं, तिथे सावली तांबूस होते. पाठ आभाळाकडे असते, तिथे ती निळसर. डोळे बारीक करून बघ: चेहऱ्यावरची सगळ्यात उजळ जागासुद्धा त्या कडेपेक्षा गडदच असली पाहिजे. तू चेहरा उजळवत गेलीस आणि कडेचं तेज गेलं.

हा हात एका दिवसात बसलेला नव्हता. अमोर्सोलो १८९२ साली मनिलातल्या पाको भागात जन्मला, वाढला दाएत गावी. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन मनिलात आली, नात्यातल्या फाबियान दे ला रोसाकडे. फाबियान स्वतः नावाजलेला चित्रकार, पोराचा हात तिथेच घडला. जलरंगातली पोस्टकार्डं तो १० सेंतावोंना (सेंतावो म्हणजे तिथला पैसा) एक अशी विकायचा. पुढे १९१४ मध्ये कलाशिक्षण पूर्ण झालं, आणि झोबेल नावाच्या उद्योगपतीने त्याला माद्रिदला धाडलं. तिथे त्याने जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याची चित्रं मन लावून पाहिली.

१९२२ सालचं भातलावणीचं चित्र पोस्टरांवर आणि पर्यटनाच्या पत्रकांवर झळकलं. मग मागणी इतकी वाढली की तोच चिखल, तीच हसरी मुलगी, तेच आंब्याचं झाड पुन्हा पुन्हा आलं. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण जपानी अंमलातली आणि युद्धातली त्याची चित्रं जरूर बघ: जळणारं मनिला, धूर, रडणाऱ्या बायका. ते सोनेरी ऊन तिथे नाही. ज्याला ते काढून घेता येतं, त्याला ते कुठे घालायचं हेही नीट कळलेलं असतं. १९७२ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रीय कलाकार म्हणून त्याचं नाव जाहीर झालं.

आता चेहरा पुन्हा गडद कर, कडेला सध्या हात लावू नकोस. पुढचा फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढ. बल्बखाली पिवळा किती पडलाय ते समजत नाही.

तुझी,
आई