आम्ही पाचजण खिडकीवर उभे होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तो लेख काल जेवताना वाचला आणि जेवणावरनं मनच उडालं. लिहायचं नाही असं ठरवलेलं, पण रात्री झोप लागेना म्हणून आज दुकान उघडायच्या आधी बसलोय. लेखकांना साबर बोंड, म्हणजे गावाकडच्या दोन पुरुषांच्या प्रेमाचा तो मराठी पिक्चर, आवडला नाही, ते त्यांचं मत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी ते जे लिहितात की असले पिक्चर परदेशातल्या फेस्टिवलांसाठीच काढतात, कोल्हापूरच्या माणसाला त्यात रस नाही आणि म्हणून ते इथं चालत नाहीत, ते वाचून राग आला. मी मंगळवार पेठेत जन्मलो, इथंच धंदा करतो, पन्नास वर्षं झाली पिक्चर बघतोय. मला कुणी विचारलं?

काय झालेलं ते सांगतो. चारपाच वर्षं होऊन गेली असतील, पावसाळ्याचे दिवस होते. दुसरा एक छोटा सिनेमा लागलेला, तो पण दोन पुरुषांच्या प्रेमाचा. दिवसात एकच खेळ आणि तो पण सकाळी साडेनऊला. आता साडेनऊला कोण मोकळं असतं सांगा, ज्याचं दुकान आहे तो शटर उघडत असतो, नोकरीवाला गाडीवर असतो, बाई स्वयंपाकघरात असते. तरी मी दुकान पोराकडं दिलं आणि बायकोला घेऊन गेलो. थिएटरचं नाव लिहीत नाही, कारण ही एका थिएटरची गोष्ट नाही, तुम्ही कुणालाही विचारा, असंच चाललंय.

खिडकीवर गेलो तर आतला माणूस म्हणाला, दहा तिकिटं झाली तर खेळ लावू, नाहीतर नाही. बरं म्हटलं, थांबलो. तिथं आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, कागलहून एस्टीनं आलेले, रिटायर शिक्षक, छत्रीतनं पाणी गळत होतं. थोड्या वेळानं कॉलेजच्या वयाची दोन पोरं आली. म्हणजे आम्ही पाच झालो. पावणेदहा वाजले तरी आम्ही पाचच. मग त्या दोघांतल्या एकानं, लई नम्रपणानं, विचारलं की सर पाच जणांसाठी नाही का लावता येणार. त्यावर आतला माणूस जोरात, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा म्हणाला, "तसला पिक्चर बघायचाय व्हय तुमास्नी?" आणि शेजारचा वॉचमन हसला.

त्या पोरानं हातातलं हेल्मेट तिथंच डोक्यात घातलं. तिथंच, व्हरांड्यात, जिन्याच्या आधी. काच पण खाली घेतली. आणि दोघं निघून गेले.

मास्तरांनी उद्या खेळ आहे काय विचारलं, तर उद्यापासून काढला म्हणून सांगितलं. ते परत एस्टी स्टँडला गेले. मी त्या खिडकीतल्या माणसाला एक शब्द बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. माझं वय होतं, शेजारी बायको होती, मला कुणी काय म्हणालं नसतं, तरी मी गप्प बसलो आणि ते मला अजून टोचतंय. घरी येताना बायको म्हणाली, त्या लेकरानं नाश्ता तरी केला असेल का. एवढंच बोलली.

आता त्या दिवसाची थिएटरवाल्यांनी नोंद काय केली असेल? प्रेक्षक नाही, खेळ रद्द. आणि तुमचे लेखक असल्या नोंदींवरनं सांगतात की कोल्हापूरला रस नाही. आम्ही पाचजण तिथं उभे होतो हो. पाच म्हणजे कमी हे मला कळतं, लाईटचं बिल निघत नाही हे पण कळतं, मी पण धंदाच करतो. पण संध्याकाळी सहाला लावून बघा आणि मग सांगा रस नाही म्हणून.

साबर बोंड मी पुण्यात बघितला, लेकीकडं गेलेलो तेव्हा. परदेशासाठी काढला म्हणणाऱ्यांनी तो नीट बघितलाय का याचीच शंका येते. मुंबईत कामाला असलेला आनंद बापाच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी येतो, भावकी जमलेली, आणि मयताच्या घरात सुद्धा लोक त्याला लग्नाचं विचारतायत. आता हे कुठल्या परदेशातलं आहे? कुठल्याही गल्लीत या, दाखवतो. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांना हा पिक्चर सुचला तोच त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात, नातेवाईक लग्नासाठी मागं लागलेले तेव्हा. त्यांना जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं, ती पुढची गोष्ट झाली. बक्षीस तिकडं मिळालं म्हणून पिक्चर तिकडचा होत नाही.

आणि त्यात पार्श्वसंगीत नाही. नुसती माणसं बोलतात, गप्प बसतात, भोवतीचे आवाज येत राहतात. ही शांतता मोबाईलवर कळत नाही, घरात शेजारी कुकरची शिट्टी होत असते. थिएटरात माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी बाई रडत होत्या आणि ते ऐकू येत होतं, इतकी शांतता. असल्या पिक्चरला थिएटर पाहिजे ते यासाठी.

मी सगळ्याच छोट्या पिक्चरांची वकिली करत नाही. बरेच बघवत नाहीत. आवाज धड रेकॉर्ड केलेला नसतो, एकजण खिडकीबाहेर बघतोय ते तीन मिनिटं दाखवतात आणि त्यातनं काही निघत नाही. आणि गे विषयावरचे कितीतरी पिक्चर मुंबईच्या मोठ्या फ्लॅटातच घडतात, सगळे इंग्लिश बोलणारे, कुणाला भाडं भरायची चिंता नाही. दुसरं म्हणजे शेवटी कुणीतरी मरतंच. माय ब्रदर निखिल मध्ये निखिल एड्सनं जातो. ब्रोकबॅक माउंटन मध्ये जॅक जातो. चांगले आहेत दोन्ही, मी दोन दोनदा बघितलेत, पण बघणाऱ्या पोराला काय वाटत असेल, आपल्या नशिबी हेच? साबर बोंड मध्ये मरण पिक्चर सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलंय, आणि ते बापाचं. आनंद आणि त्याचा गावातला बालमित्र बाळ्या, ज्याच्यावर त्याचं प्रेम आहे, दोघं जिवंत आहेत, पुढं काय करायचं ते बघतायत. आणि आईला पोराचं सगळं ठाऊक आहे आणि तरी ती त्याच्या बाजूनं आहे. मला तर या एका गोष्टीसाठी तो लई मोठा वाटला. तुमच्या लेखकांनी आईबद्दल एक ओळ लिहिली नाही.

अलीगढ या हिंदी पिक्चरमधले प्रा. सिरस हे खरे गृहस्थ, अलीगढच्या विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, मराठी कवी होते, पायाखालची हिरवळ हा त्यांचा संग्रह. २०१० मध्ये ते एका पुरुषाबरोबर असताना त्यांच्या घरात लोक कॅमेरा घेऊन घुसले, विद्यापीठानं सस्पेंड केलं, हायकोर्टानं परत घ्या म्हणून सांगितलं आणि आठवड्याभरातच ते गेले. आपल्या भाषेचा माणूस, आणि त्याच्यावर हिंदीत पिक्चर निघतो, मराठीत नाही.

आणि कोल्हापूरला हे नवीन आहे असं पण काय नाही. उंबरठा १९८२ चा, त्यात महिलाश्रमातल्या एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी आहेत, मी आईच्या शेजारी बसून बघितला, आई उठून गेली नाही. जोगवा पिक्चर तर आपल्याच मुलखाचा, त्यात देवीला सोडून लुगडं नेसवलेला जोगता तायप्पा. जोगता आणि गे ही एकच गोष्ट नव्हे, हे मला माहीत आहे. पण ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेल्या जोगत्याच्या पाया पडणारं आपलं गाव, त्याला ही माणसं बघवणार नाहीत असं कुणी ठरवलं?

छोट्या पिक्चरचं तर बोलूच नका. बाबूराव पेंटरांनी १९२५ ला याच गावात सावकारी पाश काढला, शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो एवढीच गोष्ट, देव नाही, चमत्कार नाही, तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी झालेले. त्याला आता शंभर वर्षं झाली. त्यांच्याच नावाची फिल्म सोसायटी आज इथं फेस्टिवल भरवते, तिथं मी उभं राहून पिक्चर बघितलेत, खुर्ची मिळाली नाही म्हणून.

आता तुमच्याबद्दल दोन गोष्टी. लेखाच्या वर तुम्ही फोटो छापलाय तो मोर्चातल्या इंद्रधनुष्यी झेंड्याचा. लेख गावातल्या दोन माणसांच्या पिक्चरवर आणि फोटो कुठल्या तरी मोठ्या शहरातला. पिक्चरचा एक फोटो मिळाला नाही का?

दुसरं, आजचे चित्रपट म्हणून तुमच्याकडं थिएटरांच्या वेळा छापून यायच्या त्या का बंद केल्या? मोबाईलवर बघा म्हणता, पण ज्याचा एकच खेळ आहे तो पिक्चर मोबाईलवर यादीत लई खाली असतो, आणि माझ्या वयाचे कितीतरी लोक आणि ते कागलचे मास्तर पेपर बघूनच घरातनं निघतात. एक बोटभर जागा लागते. पूर्वी नाटकांच्या जाहिरातींच्या शेजारी असायची, ती परत सुरू करा.

आपला,
एक जुना वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर